वहीत न लिहिलेली मूठ

प्रोफेसर थॉर्नली बेंगळूरला येणार ही बातमी सबनीस साहेबांनी सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितली आणि देवाप्पा कंग्राळकराच्या हातातली कॉफी बशीत सांडली. साहेबांना वाटलं, आनंदानं सांडली.

"तुमचे गुरू ना हो ते?"

"होय की. गुरूच," देवाप्पा म्हणाला आणि हसला. ते हसणं त्याची बायको प्रेमा हिनं पाहिलं असतं तर तिनं त्याला त्या दिवशी हाताला धरून घरी नेलं असतं.

साल त्रेसष्ट. कारखाना सरकारी, पंप आणि लेथ बनवणारा, तुमकूर रस्त्यावर. विद्याधर सबनीस तिथले मॅनेजर, मूळचे पुण्याचे. देवाप्पा फाउंड्रीतला संशोधन अधिकारी. पद ऐकायला मोठं, पण देवाप्पाला विचाराल तर त्याला त्याच्या लायकीचं काहीच मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं नव्हतं ते सगळं त्या थॉर्नलीनं खाल्लं होतं. सात वर्षं हा माणूस त्या एका नावावर डूख धरून बसला होता. मल्लेश्वरमच्या घरात जेवता जेवता मध्येच घास हातात धरून गप्प व्हायचा. प्रेमा म्हणायची, "आला वाटतं तुमचा थॉर्नली जेवायला. वाढू का त्यालाही?"

चेष्टा करायला तिचं काय जात होतं! तिची वही कुणी चोरली नव्हती.

देवाप्पा बेळगावचा. बाप एका लहानशा फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे घालणारा. पोरगं हुशार निघालं, शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्रेपन्न साली देवाप्पा बोटीनं इंग्लंडला गेला. उत्तरेकडचं एक काळवंडलेलं गाव, तिथलं विद्यापीठ, आणि तिथं धातूंच्या ओतकामाचे सर्वांत मोठे पंडित म्हणून प्रोफेसर थॉर्नली.

आता, सगळे प्रोफेसर तसे होते असं देवाप्पाही कधी म्हणाला नाही. गणिताचे एक म्हातारे होते, फळ्यावर दोन्ही हातांनी लिहायचे आणि वर्गात कुणी शिंकलं तर थांबून त्याची चौकशी करायचे. रसायनाच्या एक बाई होत्या. पहिल्या थंडीत देवाप्पाचे कान लाल झालेले बघून त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या भावाची लोकरी टोपी आणून दिली, आणि वर असं तोंड केलं जणू ती टोपी रस्त्यात सापडली होती. त्या माणसांची आठवण निघाली की देवाप्पाचा आवाज मऊ व्हायचा. मग थॉर्नली आठवायचा आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

थॉर्नली उंच, गोरापान, मिशी कातरलेली, आणि हात कसे? तर बाळंतिणीच्या हातासारखे मऊ. ओतकामावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेला हा गृहस्थ तीन वर्षांत एकदाही वाळूत हात घालताना देवाप्पाला दिसला नाही. प्रयोगशाळेच्या दारात उभा राहायचा, आत यायचा नाही, बुटांना वाळू लागेल म्हणून. तिथूनच विचारायचा, "काय प्रगती, मिस्टर देव?" कंग्राळकर हे नाव त्याच्या जिभेला फार लांब. देवाप्पाही लांब. पहिल्याच दिवशी त्यानं ते तोडून टाकलं आणि तीन वर्षं तेच तोडकं नाव वापरलं. आणि हस्तांदोलन? ते साहेब लोकांचं साहेब लोकांशी. देवाप्पानं पहिल्या दिवशी पुढं केलेला हात थॉर्नलीनं पाहिला आणि पाइप पेटवायला घेतला. तो हात खाली कसा घ्यावा हे देवाप्पाला सुचेना. ती लाज त्याला अजून जशीच्या तशी आठवत होती.

देवाप्पाचं काम होतं कोरवर. पंपासारखी पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या पोटात वाळूचा एक गाभा ठेवावा लागतो, त्याला कोर म्हणतात. तो धातू ओतेपर्यंत दगडासारखा टणक हवा आणि ओतल्यावर आतला गॅस बाहेर सोडणारा हवा. गॅस अडकला की ओतीव वस्तूला भोकंच भोकं. त्या काळी कोरमध्ये महाग तेलं घालत. देवाप्पानं तेलाऐवजी काकवी वापरून बघायचं ठरवलं. कोर टणक झाला, पण गॅस अडकायला लागला. मग त्यानं तेच केलं जे बेळगावात त्याचा बाप करायचा. वाळवून चाळलेली घोड्याची लीद. सोळा वाट्या वाळूला एक मूठ. लिदीतलं गवत तापल्यावर जळून जातं, त्याच्या जागी बारीक वाटा राहतात आणि गॅस त्यांतून निघून जातो.

पहिल्या वेळी तो हे थॉर्नलीला सांगायला गेला होता. थॉर्नलीनं नाक मुरडलं. "मिस्टर देव, ही प्रयोगशाळा आहे. गोठा तुम्ही घरी सोडून आलात असं मी समजतो." बाजूला उभी असलेली चार पोरं हसली. त्या हसण्यानं देवाप्पा मेल्याहून मेला. त्यानंतर तो लीद घालत राहिला, पण गुपचूप. प्रयोगशाळेतला म्हातारा मदतनीस बर्ट जन्मभर फाउंड्रीत राबलेला, त्याला काही सांगावं लागलं नाही. तो कोळसेवाल्याच्या घोड्यामागून लीद उचलून आणायचा आणि डोळा मारून डब्यात टाकायचा. वहीत देवाप्पानं वाळू लिहिली, काकवी लिहिली, माती लिहिली, पाणी लिहिलं, भट्टीचा वेळ लिहिला. लीद लिहिली नाही. साहेबाच्या भाषेत तो शब्द लिहायला त्याचा हातच धजेना.

तीन वर्षांनी कोर असे निघायला लागले की धातूला सुईएवढं भोक सापडेना. देवाप्पाला वाटलं, आता डॉक्टर होऊनच घरी जायचं. थॉर्नलीनं त्याला बोलावलं आणि सांगितलं, निष्कर्ष पुरेसे नाहीत, डॉक्टरेटचा विचार सोडा, खालची पदवी घ्या आणि परत जा. वह्या विभागाच्या मालकीच्या, त्या इथंच राहतील. देवाप्पा उलट एक शब्द बोलला नाही. तेव्हा बोलता आलंच नाही, आणि बोटीवर पाऊल ठेवल्यापासून तो जे बोलायला लागला ते सात वर्षं मनातल्या मनात बोलतच होता.

बेंगळूरला नोकरी लागल्यावर एका दुपारी ग्रंथालयात त्यानं ते मासिक उघडलं. 'थॉर्नली कोर'. चौदा पानं. आकडे त्याचे, आलेख त्याचे, चुलीवरच्या काकवीचा वास यावा इतकं सगळं त्याचं. वर एकच नाव, थॉर्नलीचं. आणि शेवटी बारीक अक्षरात आभार: 'वाळू धुण्यात मदत केल्याबद्दल श्री. देव यांचे.'

वाळू धुण्यात!

देवाप्पानं ती चौदा पानं परत वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, सावकाश, बोट ठेवून. लीद कुठंच नव्हती. असणार कशी? वहीतच नव्हती. आणि तिथं, ग्रंथालयात, शांतता पाळा लिहिलेल्या पाटीखाली, तो मोठ्यानं हसला. शिपाई धावत आला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. दोन-चार कारखान्यांनी थॉर्नली कोर करून बघितला आणि हात पोळून घेतले. थॉर्नली म्हणायचा, कामगारांचा निष्काळजीपणा, कोर नीट वाळवत नाहीत. पण मनात धास्तावला असणार, कारण त्यानं देवाप्पाला पत्र पाठवलं, प्रिय देव, कोर वाळवण्याची तुमची पद्धत नक्की कशी होती? देवाप्पानं सुंदर कागदावर सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं: 'वहीत आहे तशीच, सर.' दुसरं पत्र आलं. दुसरं उत्तरही तेच गेलं. त्या दोन उत्तरांनी देवाप्पाला जेवढं सुख दिलं तेवढं त्याच्या लग्नानंही दिलं नव्हतं. हे तो प्रेमाला म्हणालाही होता, आणि मग दोन दिवस गार भात जेवला होता.

आता तोच थॉर्नली सल्लागार म्हणून बेंगळूरला येत होता. परकीय चलनाची टंचाई होती, बाहेरची तेलं मिळत नव्हती आणि काकवी हवी तेवढी. सबनीसांनीच त्याला बोलावणं धाडलं होतं. सगळ्या अधिकाऱ्यांसमोर पंपाचा एक भाग थॉर्नली पद्धतीनं ओतून दाखवायचा होता.

"'देव हात लावतील का कोरला?' असं प्रोफेसरांनी मुद्दाम लिहिलंय," सबनीस म्हणाले.

"छे हो. मी आता कागदावरचा माणूस. आपला आप्पाजी करील की."

आप्पाजी म्हणजे फाउंड्रीतला मोल्डर, खानापूरकडचा, वय पन्नाशीचं. देवाप्पानंच त्याला तिकडून आणलेलं, रोजंदारीवर. कायम व्हायची त्याची फाइल सबनीसांच्या टेबलावर सहा महिने पडून होती. देवाप्पानं थॉर्नलीच्या लेखातली कृती मराठीत टाईप करून त्याच्या हातात दिली. खाली सबनीसांची सही होती: यात काडीचाही बदल करणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल. ती ओळ देवाप्पानंच सुचवली होती.

"हेच आणि एवढंच घालायचं, आप्पाजी. कणभर जास्त नाही, कमी नाही. समजलं?"

आप्पाजीनं कागद दोनदा वाचला. मान वर करून देवाप्पाकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला.

देवाप्पाला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि त्या आठवड्यात तो ती स्वतःशी सतत घोकत होता. थॉर्नली सगळ्यांसमोर तोंडावर आपटला पाहिजे, आणि आपटल्यावर त्याच तोंडानं म्हणाला पाहिजे की हे काम माझं नाही, देवाप्पा कंग्राळकराचं आहे. पुरं नाव. तोडलेलं नाही.

गुरुवारी सकाळी थॉर्नली आला. केस पिकले होते, मिशी तशीच, पाइप तसाच. "अरे, मिस्टर देव! तुम्ही इथं बरे स्थिरावलात." हात खिशात. देवाप्पानं या वेळी हात पुढं केलाच नव्हता. तेवढं तो शिकला होता.

त्याच सकाळी धातू ओतला. देवाप्पानं सगळ्यांना दहा पावलं मागं उभं केलं, कारण गॅस कोंडला की साचा धातू थुंकतो, आणि सूड घ्यायचा म्हणून कुणाचे पाय भाजावेत असं त्याला वाटत नव्हतं. धातू गेला. साचा थुंकला नाही. धूर आला, शांतपणे निघून गेला. दुपारी साचा फोडला. तांबडसर वाळू झडली आणि आतून पंपाचा भाग निघाला, आरशासारखा. एक भोक नाही! अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. थॉर्नली पाइप काढून म्हणाला, "बघा. सूचना तंतोतंत पाळल्या की काय होतं ते. इतकी वर्षं मी हेच सांगतोय."

सबनीसांनी देवाप्पाच्या पाठीवर थाप मारली. "काय गुरू लाभले हो तुम्हाला!"

देवाप्पा सरळ मागच्या नळावर गेला. आप्पाजी हात धूत होता.

"काय घातलास?"

"काय घातलो म्हणजे?"

"आप्पाजी, माझा बाप मोल्डर होता. मला शिकवू नकोस. काय घातलास?"

आप्पाजीनं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "लीद घातलो, अण्णा. यशवंतपूरला जटक्याचे घोडे उभे असतात की, तिथनं आणलो. वाळवलो, चाळलो, घातलो. कागदात लिहायचं राहून गेलं असणार बघा. एवढा शिकलेला गोरा माणूस, लीद विसरेल होय? टाइपवाल्यानं चुकवलं असणार." मग जरा थांबून म्हणाला, "आणि बिघडलं असतं तर तुमचीच लाज गेली असती की चारचौघांत. आपल्याकडचा माणूस म्हणून घातलो."

देवाप्पाला हसावं की त्याच्या थोबाडीत मारावी कळेना. सात वर्षं राखलेलं हत्यार या भल्या माणसानं त्याच्याच मायेपोटी बोथट करून ठेवलं होतं. आता उठून सांगावं, की बघा, लीद घातली म्हणून जमलं, तर आप्पाजीची नोकरी गेली. सही सबनीसांची, ओळ देवाप्पाची. न सांगावं तर थॉर्नली त्याच मुठीवर दुसऱ्यांदा शाबासकी घेऊन विमानात बसला. त्या दिवशी घरी प्रेमानं ताट वाढलं, देवाप्पा ताटाकडे बघत बसला, आणि एकदम म्हणाला, "त्याला करायला लावतो."

"कुणाला? काय?"

"त्यालाच. त्याच्या त्या मऊ हातांनी."

शुक्रवारी सकाळी शेवटची मीटिंग फाउंड्रीतच होती. अधिकारी, पर्यवेक्षक, मोल्डर, सगळे उभे. देवाप्पा पुढं झाला. त्याचा आवाज इतका नम्र होता की प्रेमा असती तर घाबरली असती.

"सर, आमच्या लोकांची एक विनंती आहे. तुमच्या ग्रंथांवर आम्ही शिकलो. पण तुमच्या हातचा कोर आम्ही कुणीच पाहिलेला नाही. एक कोर तुम्ही स्वतः घालून दाखवलात तर आमच्या पोरांना जन्मभर सांगायला होईल."

सबनीसांना कल्पना फार आवडली. टाळ्याही वाजल्या. थॉर्नली क्षणभर देवाप्पाकडे बघत राहिला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं कोट काढला, बाह्या गुंडाळल्या, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्याचे हात मनगटापर्यंत वाळूत गेले. कृती त्याची स्वतःची, पाठ असलेली. वाळू, माती, काकवी, पाणी. काकवी बोटांना चिकटली, ती मिशीला लागली. पोरं गालात हसत होती. देवाप्पा हसत नव्हता. तो एकेक मूठ मोजत होता, आणि जी मूठ पडत नव्हती तीही मोजत होता.

कोर भट्टीत भाजला, साच्यात बसवला. देवाप्पानं सगळ्यांना पंधरा पावलं मागं घेतलं. थॉर्नलीलाही दंडाला धरून मागं घेतलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. धातू आत गेला आणि साच्याच्या पोटातून गुडगुड आवाज आला. मग फाट्कन तांबडा धातू वर उसळला आणि फरशीवर ठिणग्या नाचल्या. कुणाला लागलं नाही. संध्याकाळच्या भोंग्याआधी साचा फोडला तेव्हा आत जे निघालं ते पंपाचा भाग म्हणायलाही जीभ वळेना. भोकंच भोकं. एक पर्यवेक्षक पुटपुटला, "जाळीदार डोसा," आणि मागचे चौघे फिदीफिदी हसले.

थॉर्नली त्या तुकड्याजवळ बराच वेळ वाकून उभा राहिला. सरळ झाला तेव्हा त्यानं इतर कुणाकडे बघितलं नाही.

"काय होतं ते, मिस्टर देव?"

"कशात, सर?"

"तुमच्या कोरमध्ये. वहीत नसलेलं."

'तुमच्या' हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि देवाप्पाच्या अंगावर काटा आला. पण त्याला अर्धं नको होतं.

"माझ्या कोरमध्ये? मी तर वाळू धूत होतो, सर. छापून आलंय तसं."

सबनीस एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागले. थॉर्नलीच्या मिशीवर अजून काकवी होती. त्यानं ती पुसली नाही. म्हातारा दिसला तो, एकदम म्हातारा, आणि देवाप्पाला त्याची कणभर कीव आली नाही. उलट बरं वाटलं.

"सद्गृहस्थहो," थॉर्नली म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हे काम माझं नव्हतं. हे मिस्टर," आणि तो थांबला, ओठ हलवून बघितले, मग एकेक अक्षर वेगळं करत म्हणाला, "मिस्टर देवाप्पा कंग्राळकर यांचं होतं. मी ते माझ्या नावावर छापलं."

झालं! मिळालं! सात वर्षं ज्यासाठी दात-ओठ खाल्ले ते आता सगळ्यांच्या कानांवर पडलं होतं. देवाप्पानं छाती भरून श्वास घेतला.

"घोड्याची लीद, सर," तो म्हणाला. "सोळाला एक मूठ."

कुणीतरी खुसखुसलं. मग सगळेच हसले. थॉर्नली हसला नाही. त्यानं फक्त मान हलवली, आणि कदाचित त्याला तो गोठ्याचा शब्द आठवला असेल. देवाप्पाला त्या हसण्याची आज पर्वा नव्हती.

पण सबनीस पुण्याचे, त्यांचं डोकं थांबत नाही. "एक मिनिट, एक मिनिट," ते म्हणाले. "मग कालचा कसा निघाला? काल कुणी घातली?"

आप्पाजी मागच्या रांगेत उभा होता, टोपी हातात. देवाप्पानं त्याच्याकडे बघितलं आणि चटकन म्हणाला, "मी. मीच घालायला लावली, साहेब. माझी पद्धत, माझ्याच सांगण्यावरून."

आता हे त्यानं आप्पाजीला वाचवायला म्हटलं, हे खरं. देवाशपथ खरं. पण म्हणताना त्याला जे गोड वाटलं, नावावर आणखी एक नग चढल्यासारखं, तेही तितकंच खरं, आणि ते त्याचं त्याला कळलं.

"नाही साहेब."

आप्पाजी पुढं आला होता.

"खोटं आहे ते. मला कुणी सांगिटलं नाही. ह्यांनी तर कागद दिला की एवढंच घाल म्हणून. मी घातलो. माझ्या बुद्धीनं घातलो. लीद आणलो मी, चाळलो मी. काढायचं तर काढा मला, पण माझी मूठ दुसऱ्याच्या नावावर नको."

असं, सरळ. सगळ्या अधिकाऱ्यांसमोर, रोजंदारीचा माणूस, ज्याची फाइल सहा महिने धूळ खात होती. जो शब्द देवाप्पाला तीन वर्षांत वहीत लिहिता आला नाही तो त्यानं एका दमात उच्चारला, आणि या वेळी कुणीही हसलं नाही.

"काय म्हणतोय तो, मिस्टर कंग्राळकर?" थॉर्नलीनं विचारलं.

सबनीस सांगतील म्हणून देवाप्पा थांबला. सबनीस फरशीकडे बघत होते. मग त्यालाच सांगावं लागलं, इंग्रजीत, शब्दाला शब्द. "मी म्हणालो ते खोटं, असं तो म्हणतोय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या बुद्धीनं घातली." शेवटच्या वाक्याला त्यानं थॉर्नलीवरची नजर काढली. "तो म्हणतोय, माझी मूठ दुसऱ्याच्या नावावर नको."

थॉर्नलीनं ऐकून घेतलं. मग तो चालू लागला. देवाप्पाच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, वाळूतून, बूट भरताहेत याची फिकीर न करता, थेट आप्पाजीपर्यंत गेला आणि त्यानं हात पुढं केला. आप्पाजी गोंधळला, आपला हात धोतराला पुसायला लागला, तर थॉर्नलीनं तो पुसूही दिला नाही. तसाच धरला, काळा, राखेचा, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. सबनीसांनी ते पाहिलं आणि देवाप्पानं सबनीसांना पाहिलं. ज्याचा हात पाहुण्यानं असा धरला त्याला आता कामावरून कोण काढणार होतं? पुढच्या बुधवारी आप्पाजी कायम झाला.

थॉर्नलीनं ती कबुली लेखीही दिली. मासिकात पत्र छापून आलं, देवाप्पाचं पुरं नाव, एकही अक्षर न चुकता, आणि त्याखाली आप्पाजीचं. प्रेमानं शेजाऱ्यांना पेढे वाटले. देवाप्पानं त्यातला एकही खाल्ला नाही.

त्याआधी, थॉर्नलीला सोडायला विमानतळावर कारखान्याची गाडी गेली त्या दिवशी, देवाप्पानं ताप आला म्हणून कळवलं. गाडीत सबनीस होते, आणि पाहुण्यानं मुद्दाम नाव घेऊन बोलावलं म्हणून आप्पाजीही होता. देवाप्पा अंथरुणात बसून होता, ताप नसलेला.

"आता तरी झालं ना मनासारखं?" प्रेमानं विचारलं. "सगळ्यांदेखत कबूल केलंन त्यानं. नाव दिलं. आता तरी सोडा त्या म्हाताऱ्याला."

"नाव दिलं," देवाप्पा म्हणाला. "हात त्याला दिला."

प्रेमा कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली, आणि देवाप्पानं भिंतीकडे तोंड करून थॉर्नलीला पहिल्यापासून शिव्या द्यायला सुरुवात केली. या वेळी त्यात आप्पाजीही होता, आणि हे त्यानं प्रेमालाही कधी सांगितलं नाही.